शरदांतील नाशिक आणि फाळके दांपत्य

भाद्रपद सरून आश्विन लागला म्हणजे नाशिकचें रूप आठ-पंधरा दिवसांत पालटतें. पुराच्या दिवसांत दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत, एखादे वर्षीं छातीपर्यंत, चढलेली गोदावरी हळूहळू उतरते; घाटाच्या पायऱ्या एकामागून एक उघड्या पडतात; त्यांवरचा गाळ धुऊन निघतो; आणि रामकुंडाच्या आसपासचीं दगडी देवळें अशा स्वच्छ उन्हांत उभीं राहतात, कीं त्यांच्या कोरणीची रेघन् रेघ पैलतीरावरून मोजावी. नाशिककर गोदावरीस गंगाच म्हणतात, आणि शरदांतल्या सायंकाळीं गंगेवर फिरावयास जाणें हा त्यांचा जुना छंद आहे. पुढें गंगापूरचें धरण झालें, कुंडांच्या तळाशीं काँक्रीट पडलें, नदीचा पूर्वींचा वाहता ओघ राहिला नाहीं. परंतु तें ऊन मात्र अद्याप तसेंच पडतें. या लेखाचा विषय तें ऊनच आहे, असें म्हटलें तरी चालेल.

१९१३ सालीं मुंबईचें बिऱ्हाड मोडून एक दांपत्य या गांवीं राहावयास आलें. पतीचें नांव धुंडिराज गोविंद फाळके, पत्नीचें सरस्वतीबाई. त्या वर्षाच्या ३ मे रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता आणि हिंदुस्थानांत चित्रपट होऊं शकतो हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यानंतर थोड्याच महिन्यांत हा सारा खटाटोप नाशकास हलला. चित्रपटाच्या इतिहासग्रंथांतून या स्थलांतराची बोळवण बहुधा एका वाक्यांत होते: फाळके यांनीं आपला कारखाना नाशिकास नेला. आमच्या मतें त्या एका वाक्याच्या पोटांत पुष्कळ कांहीं दडलेलें आहे, आणि त्याचा संबंध कारखान्यापेक्षां ऋतूशीं, संगीताशीं आणि घरांतल्या बाईशीं अधिक आहे.

फाळक्यांना हा मुलूख परका नव्हता. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री हे संस्कृताचे विद्वान. त्यांस मुंबईस विल्सन कॉलेजांत अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब तिकडे गेलें. पुढें जे. जे. कलाशाळा, बडोद्याचें कलाभवन, फोटोग्राफी, छापखाना अशीं अनेक वळणें घेऊन त्रेचाळिसाव्या वर्षीं हा गृहस्थ पुन्हा गोदेच्या कांठीं आला. पण संसार मांडायचा तो नव्यानेंच. त्या काळीं आगगाडीतून नाशिकरोडला उतरावें आणि घोड्यांच्या ट्रामनें पांच-सहा मैल गांवांत यावें. जुन्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यास त्या वाटेवर देखावेच देखावे दिसले असतील. सरस्वतीबाईंस मात्र पाणी कोठून भरायचें, वाणी कोठें बसतो आणि अंधारी खोली कोणती करायची, हे प्रश्न आधीं दिसले असले पाहिजेत.

अंधारी खोली हा शब्द मीं सहज लिहिलेला नाहीं. १९११ सालीं गिरगांवांत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहून आल्यापासून फाळक्यांनीं ध्यास घेतला, तेव्हांपासून त्या धंद्याचा निम्मा भार या बाईंवर होता. १९१२ च्या आरंभीं पति इंग्लंडास गेले तें दागिने व विमा यांवर कर्ज उभारून. तेथून कॅमेरा आला, यंत्रें आलीं. पण फिल्म येई ती कोरी, तिच्या कडांस भोकें नसत. तीं भोकें अंधारांत बसून यंत्रानें पाडायचीं, फिल्म कॅमेऱ्यांत भरायची, चित्रण झाल्यावर रसायनांत धुवायची, हीं कामें सरस्वतीबाई शिकल्या. त्याशिवाय ‘हरिश्चंद्रा’च्या वेळीं दादरच्या घरीं साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. उन्हाचा उजेड नटाच्या तोंडावर वळविण्यासाठीं पांढऱ्या चादरी ताणून धरायच्या, तेंहि त्यांनीं तासन् तास केलें. तारामतीची भूमिका तुम्हीच करा, असें पतीनें सुचविलें असतां, मग बाकीचें कोण पाहणार, या कारणास्तव त्यांनीं ती नाकारली असें सांगतात. उत्तर मोठें व्यवहारी आहे, आणि त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां त्या उन्हाकडे वळूं. आजचा वाचक चित्रपट म्हटला कीं विजेचे झोत आणि बंद दालनें डोळ्यांसमोर आणतो. १९१३ सालीं आपल्याकडे चित्रण होई तें सूर्याच्या उजेडांत. फिल्म मंद, म्हणजे तिला उजेड पुष्कळ लागे. कॅमेरा हातानें फिरवायचा. घराचा किंवा राजवाड्याचा देखावासुद्धां उघड्यावर, फार तर वर कापड ताणून, उभा करायचा. अर्थात् आषाढ-श्रावण हे बेकारीचे महिने. ढग गेले, हवेंतली धूळ पावसानें बसली, ऊन निवळलें आणि अजून चैत्र-वैशाखाप्रमाणें तापत नाहीं, असा जो दीड-दोन महिन्यांचा काळ, तो या धंद्याचा सुगीचा. कुणब्याला जसा पावसाळा तसा फाळक्यांना शरद.

नाशकांत या उन्हाखालीं देखावे आयते मांडलेले होते. मुंबईंत असतांना बाहेरच्या चित्रणासाठीं त्यांस वांगणीसारख्या खेड्यांत जावें लागलें. तेथें भाले-तरवारी घेतलेले नट पाहून दरोडेखोर आले या समजुतीनें गांवकरी बिथरले आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेलें, ही हकीकत प्रसिद्धच आहे. नाशिक पडलें क्षेत्र. बारा वर्षांनीं सिंहस्थ भरतो, साधूंच्या मिरवणुकी निघतात, देशोदेशींचे यात्रेकरू येतात. जटाधारी शंकर रस्त्यानें चालत गेला तरी कोणी दार लावून घेणार नाहीं. नदी, घाट, काळारामाचें काळ्या दगडाचें देऊळ, पांडवलेण्यांचा डोंगर, त्र्यंबकाकडचे कडे, पंचवटीची झाडी, एवढें सारें दिवसाच्या फेरफटक्यांत. पौराणिक कथा सांगणाऱ्यास यापेक्षां काय हवें? फाळके दांपत्याचा शरदांतला विहार हा असा होता. लोक गंगेवर हवा खावयास जात तेव्हां हीं दोघें बहुधा उजेडाचा हिशेब करीत असावींत. पण एवढ्या बारकाईनें ऊन पाहणें ही देखील त्याचा आस्वाद घेण्याचीच एक रीत आहे.

परंतु देखाव्यांनीं भागत नाहीं, माणसें लागतात. आणि माणसांपाशींच ‘हरिश्चंद्रा’चें घोडें अडलें होतें. तारामतीच्या कामास कोणी स्त्री मिळेना. ज्यांना समाजानें आधींच बाहेर घातलेलें होतें त्या स्त्रियांनींहि या कामाला नकार दिला. शेवटीं ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत नोकरीस असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. नाशिकला आल्यावर पुढच्या कथेंत ही अडचण अधिकच नडणार होती, कारण फाळक्यांनीं निवडली ती मोहिनी आणि भस्मासुर यांची कथा. या कथेंत नाचच मुख्य. मोहिनी नाचते, भस्मासुर तिच्यासारखा हात फिरवीत जातो आणि अखेरीस आपल्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. मोहिनीच मोह पाडीत नसेल तर राक्षस मरणार कसा?

येथें नाशिकचें संगीत उपयोगी पडलें. क्षेत्र म्हणून या गांवीं कीर्तन-भजनांची उणीव कधींच नव्हती. पण मध्यमवर्गाचें खरें वेड संगीत नाटकाचें. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून नाटक मंडळ्या गांवोगांव मुक्काम करीत हिंडत, आणि नाशिकचा मुक्काम मोठा समजला जाई. इतका, कीं कलेक्टर जॅक्सनची बदली झाल्यावर त्याच्या निरोपासाठीं २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत किर्लोस्कर मंडळीचा ‘शारदा’चाच प्रयोग ठरला, आणि त्या प्रयोगासाठीं आंत आलेल्या जॅक्सनवर तरुण अनंत कान्हेरे यांनीं गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कर्वे व देशपांडे ठाण्याच्या तुरुंगांत फांसावर चढले. फाळके नाशकास आले तेव्हां या गोष्टीस चार वर्षेंहि झालीं नव्हतीं. थेटरचा पडदा आणि पदें यांच्याशीं अशी आठवण जोडलेलें दुसरें गांव महाराष्ट्रांत नसेल. योगायोग असा, कीं सरस्वतीबाई या किर्लोस्कर मंडळीच्या मालकांच्या नात्यांतल्या. तेव्हां फाळक्यांचें घर आणि संगीत रंगभूमि यांच्यांत आडपडदा नव्हता.

त्याच सुमारास रघुनाथराव गोखले यांची चित्ताकर्षक नाटक मंडळी नाशिकांत उतरली होती. या मंडळींत दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला होत्या. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झालेल्या, पदरीं मूल घेऊन फिरत्या नाटकांत शिरलेल्या. पांढरपेशा स्त्रीनें असें करणें म्हणजे घरादाराचे दरवाजे आपल्या हातानें लावून घेणें. त्यांनीं तें केलें आणि निभावलें. कमला तेव्हां तेरा वर्षांच्या आंतबाहेरची, पण रंगभूमीवर लहानपणापासून वावरलेली. फाळक्यांनीं गोखल्यांपाशीं शब्द टाकला, गोखल्यांनीं होकार दिला. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि कमलाबाई मोहिनी. हिंदुस्थानी चित्रपटांत स्त्रीची भूमिका स्त्रीनें केली ती ही प्रथम. ‘मोहिनी भस्मासुर’ ३ जानेवारी १९१४ रोजीं कॉरोनेशनमध्यें लागला, सोबत ‘पिठाचे पंजे’ हें लहानसें विनोदी चित्र. उलट मोजीत गेलें म्हणजे चित्रण पडतें तें त्याच्या आधींच्या शरद-हेमंतांत.

या घटनेस समाजसुधारणेचें पाऊल म्हणण्याचा मोह अनेकांस होतो. आम्हांस तें तितकेंसें पटत नाहीं. मुंबईसारख्या लाखों वस्तीच्या शहरांत जें साधलें नाहीं तें नाशिकसारख्या लहान गांवांत साधलें, याचें कारण गांव अधिक सुधारलेलें होतें असें नव्हे. ज्या स्त्रियांनीं लोकनिंदेची किंमत आधींच चुकती केली होती त्या, आणि ज्याला त्यांची गरज होती तो मनुष्य, हे एका ऋतूंत एका गांवीं आले. पुढचा पुरावा पाहा. १९१७ सालीं फाळक्यांनीं ‘लंकादहन’ काढलें. तेव्हां सीता कोण? पुन्हा साळुंकेच, आणि राम सुद्धां तेच! उघडलेलें दार परत लोटलें गेलें होतें. म्हणून त्या शरदाचें श्रेय द्यायचें तर तें मायलेकींच्या धैर्यास आणि संगीत मंडळीच्या मुक्कामास द्यावें. युगधर्म वगैरे मोठे शब्द राखून ठेवावे.

यांत एक गंमतहि आहे. गात्या रंगभूमीवरची मुलगी आली ती मुक्या पडद्यावर. ‘मोहिनी भस्मासुरा’ची लांबी ३,२४५ फूट. फुटांत सोळा चित्रें बसतात आणि सेकंदास सुमारें सोळा चित्रें सरकवीत, म्हणजे जेमतेम पाऊण-एक तासाचा खेळ; त्यांत कमलाबाईंचा आवाज एक क्षणभरहि नाहीं. मात्र मुक्या चित्रपटांचीं थेटरें मुकीं नसत. पडद्याच्या जवळ पेटी-तबलेवाले बसत, प्रसंग पाहून गत बदलीत, युद्धांत ठेका वाढवीत. चित्रावर पैसे खर्च झाले तरी लोक ऐकत तें जिवंत संगीतच. कमलाबाई पुढें रघुनाथरावांच्या पत्नी झाल्या. त्यांच्या पुत्रांपैकीं चंद्रकांत गोखले नट म्हणून आणि लालजी गोखले तबलजी म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहेत. ज्या घरांतून पडद्याला पहिली मोहिनी मिळाली त्याच घरांत नाट्य आणि ताल दोन्ही नांदले. तो चित्रपट मात्र आज पाहावयास मिळत नाहीं.

फाळके दांपत्यास नाशिक पुरतें सुटलें नाहीं. दुसरी लंडनची वारी झाली, पहिलें महायुद्ध आलें, पैशाची तंगी झाली. १९१८ सालीं भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली ती नाशकांतच. मतभेद होऊन कांहीं काळ कुटुंब काशीस गेलें आणि परत आलें. बोलपट आल्यावर कोल्हापुरास ‘गंगावतरण’ झाला, १९३७ सालीं. त्यानंतर नाशिक, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं दादासाहेब तेथेंच निवर्तले. आतां पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं त्यांच्या नांवाचें स्मारक आहे. स्मारक एकट्या दादासाहेबांच्या नांवाचें आहे.

त्या नाशिकच्या दिवसांतलें एक चित्र मात्र अजून पाहतां येतें. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बव्हंशीं शिल्लक आहे. त्यांत कृष्ण झाली आहे ती फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. जेथें पुरुषांनीं स्त्रियांचीं कामें करायचीं तेथें मुलीनें मुलाचें काम केलें, आणि ज्या घरच्या बाईनें कामाच्या रगाड्यापायीं तारामती नाकारली होती त्याच घरची लेक पडद्यावर आली. कथा सुरू होण्यापूर्वीं ही सहा-सात वर्षांची पोर कॅमेऱ्यासमोर बसते आणि राग, हंसूं, भीति असे भाव एकामागून एक मुद्रेवर आणून दाखविते. फिल्म जुनी झाली आहे, तिच्यावर रेघा पडल्या आहेत. पण मुलीचा चेहरा स्वच्छ उजेडांत आहे.