'रक्तातच लय' म्हणणाऱ्यांनी चार्ली ख्रिश्चन ऐकावेत

आमच्या अभ्यासिकेत रविवारी संध्याकाळी तीन-चार पोरं गिटार घेऊन बसतात. त्यातला एक जण मध्यंतरी शहरातल्या एका क्लासला जाऊन आला. ब्लूजवर सोलो वाजवताना आर्पेजिओ कसे वापरायचे, एवढंच त्याला विचारायचं होतं. उत्तर मिळालं, "ब्लूजला कसली आलीय थिअरी? काळ्या लोकांच्या रक्तातच होता तो. तुम्हा लोकांच्याही रक्तात लय असतेच की, वाजव बिनधास्त."

पोरगा खूश होऊन परतला. आम्ही मात्र अस्वस्थ झालो. ज्याच्या रक्तातच आहे, त्याने स्वतः कमावलं काय? त्याचा रियाज, त्याची बुद्धी, त्याने रात्र रात्र जागून सोडवलेला प्रश्न, हे सगळं एका शब्दात पुसून टाकता येतं. आपल्याकडे हलगीवाल्याला आणि ढोलकीवाल्याला पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवलं गेलं. जन्मावरून गुण ठरवायची ही तीच जुनी रीत, फक्त इथे ती टाळ्या वाजवत येते.

म्हणून इतिहास तपासू. चार्ली ख्रिश्चन १९१६ साली टेक्सासमधल्या बॉनहॅम गावी जन्मले आणि ओक्लाहोमा सिटीत वाढले. वडील अंध होते. मुलांना सोबत घेऊन ते रस्त्यावर गाऊन-वाजवून पोट भरत. कृष्णवर्णीयांची शाळा वेगळी, वस्ती वेगळी. त्याच शाळेत शिकलेले लेखक राल्फ एलिसन यांनी लिहून ठेवलंय की सिगारच्या खोक्यांपासून गिटार बनवणारा हा मुलगा शाळेत सगळ्यांच्या कौतुकाचा विषय होता. पुढे १९३९ च्या ऑगस्टमध्ये ते बेनी गुडमन यांच्या ताफ्यात गेले. तोवर बँडमध्ये गिटारचं काम मुख्यतः ठेका धरण्याचं. ख्रिश्चन यांनी विजेवरची गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलती केली.

ती कशी बोलायची, हा खरा मुद्दा आहे. कॉर्डचे सूर एकत्र न छेडता एकामागून एक वाजवणं म्हणजे आर्पेजिओ. जी मधला बारा बारचा ब्लूज घ्या. जी सेव्हन कॉर्डमध्ये जी, बी, डी, एफ हे सूर येतात. पाचव्या बारला सी सेव्हन लागते आणि तिच्यात सी, ई, जी, बी फ्लॅट येतात. आता बी वरून फक्त एक फ्रेट मागे, बी फ्लॅटवर या. मागे कुणीही साथ करत नसलं तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेली कळते. एकच ब्लूज स्केल बाराही बार वरखाली फिरवणाऱ्याला हे साधत नाही. ख्रिश्चन कॉर्डच्या आकारातून वाक्य काढायचे, त्यात नववा आणि तेरावा सूर गुंफायचे, आणि बदलाच्या नेमक्या क्षणी नेमक्या सुरावर उतरायचे. हे हिशेबाशिवाय होत नाही. तो हिशेब कागदावर नव्हता, म्हणून तो नव्हताच असं म्हणणाऱ्यांची आम्हाला कीव येते.

रात्री काम संपलं की ते हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसला जात. पियानोवर थेलोनिअस मंक, ड्रमवर केनी क्लार्क. तिथे हीच मंडळी ओळखीच्या गाण्यांच्या कॉर्ड मुद्दाम अवघड करून एकमेकांची परीक्षा घ्यायची. ही प्रयोगशाळाच होती, फक्त दारावर तशी पाटी नव्हती. २ मार्च १९४२ ला क्षयरोगाने ख्रिश्चन गेले, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. त्यांच्या कबरीवर कित्येक दशकं नावाचा दगडही नव्हता.

त्यांच्या रेकॉर्ड ऐकून इंडियानापोलिसचे वेस माँटगोमेरी शिकले. दिवसा कारखाना, रात्री क्लब. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, आणि "थिअरी नव्हती" म्हणणारे हाच दाखला पुढे करतात. पण लिपी न येणं म्हणजे ज्ञान नसणं नव्हे. हे आपल्या आजी-आज्यांच्या नातवंडांना वेगळं सांगायला नको. त्यांचा १९६० चा 'डी नॅचरल ब्लूज' ऐका आणि मग बोला.

आता मेलोडिक मायनर. मेजर स्केलमधला फक्त गंधार कोमल करा, झाली मेलोडिक मायनर. पटदीप रागात हेच सूर लागतात (सूर तेच, राग नव्हे, हे ध्यानात असू द्या). पाश्चात्त्य अभिजात संगीतात ही स्केल उतरताना बदलते. जॅझवाले ती चढता-उतरता एकच ठेवतात. पाचव्या बारला सी सेव्हनवर जी मेलोडिक मायनर वाजवली की एफ शार्प येतो आणि ओळखीची कॉर्ड एकदम उजळते. चौथ्या बारला मात्र खरी गंमत आहे. तिथे जी सेव्हनवर एक फ्रेट वरची, म्हणजे ए फ्लॅट मेलोडिक मायनर वाजवा. कॉर्डमधले जी, बी, एफ शाबूत राहतात. पण डी आणि ए गायब, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे शेजारी हजर. हा ताण फार वेळ सोसवत नाही, कान पाचव्या बारकडे धावतो.

हे सूर आधी बोटांतून आले, त्यांची शिस्तबद्ध मांडणी नंतर झाली. ती करणाऱ्यांत एक ठळक नाव जॉर्ज रसेल यांचं. तेही कृष्णवर्णीय. आणि कुठे केली? चाळीसच्या दशकात, क्षयरोगाच्या रुग्णालयात महिनोन्‌महिने खाटेवर पडून. ज्या रोगाने ख्रिश्चन यांना नेलं, त्याच रोगाशी झुंजत. 'लिडियन क्रोमॅटिक कन्सेप्ट' हा त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला. त्यातल्या मुख्य स्केलमध्ये मेलोडिक मायनरही आहे, वेगळ्या सुरापासून सुरू केलेली. ज्यांना थिअरी नव्हती म्हणतात, त्यांच्यातल्याच एकाने ती लिहिली आहे.

आमच्या पोराला हे सगळं सांगितलं. आता तो चौथा बार मोबाईलवर रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकतो. ए फ्लॅट मेलोडिक मायनर त्याच्या बोटांत बसली आहे, पण पाचव्या बारला बी फ्लॅटवर यायला अजून अर्धा ठोका उशीर होतो. या रविवारी मेट्रोनोमची गती साठवर आणून पुन्हा बसायचं ठरलंय.