वयाआधी पिकणारा केस

विशी-बाविशीतल्या मुलाच्या कानशिलावर पांढरे केस दिसले की घरात चौकशी सुरू होते ती तेलाची. कोणते तेल लावतोस, शाम्पू कधी बदललास, वसतिगृहात बोअरचे पाणी आहे का? हे सगळे प्रश्न डोक्यावर दिसणाऱ्या केसाविषयीचे असतात, आणि तो केस मृत असतो. त्यात जिवंत पेशी नाहीत, त्याला रक्त पोचत नाही, आणि त्वचेबाहेर येण्याआधीच त्याचा रंग ठरलेला असतो. जे घडायचे ते त्वचेखाली काही मिलिमीटरवर, केसाच्या मुळाशी घडते. तिथेही दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडू शकतात. एकीत रंग परतण्याची शक्यता असते, दुसरीत जवळजवळ नसते. हा भेद समजून न घेता केलेले उपाय वाया जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे खरोखर तपासून घेण्यासारखी कारणे तशीच राहून जातात.

आधी ‘अकाली’ कशाला म्हणायचे ते पाहू. त्वचारोगशास्त्रात रूढ असलेली मर्यादा युरोपीय वंशाच्या लोकांत २० वर्षे, आशियाई लोकांत २५ आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत ३० वर्षे अशी आहे. त्याआधी केस पिकू लागले तर ते अकाली. म्हणजे तिसाव्या वर्षी दहा-बारा पांढरे केस सापडलेल्या मराठी माणसाला वैद्यकाच्या हिशेबाने अकाली पिकण्याचा त्रास नाही, घरचे काहीही म्हणोत. पन्नाशीत निम्म्या लोकांचे निम्मे केस पांढरे होतात, असाही एक ठोकताळा वर्षानुवर्षे सांगितला जाई. जगभरातल्या चार हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो खोडून काढला. पन्नाशीच्या आसपास निम्मे डोके पांढरे झालेल्यांचे प्रमाण ६ ते २३ टक्के एवढेच निघाले. केस पिकण्याच्या वयाबद्दलची आपली समजूत प्रत्यक्षापेक्षा बरीच ढोबळ आहे.

केसाच्या मुळाशी कंदासारखा एक फुगीर भाग असतो. त्यात केराटिन तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्या शेजारी रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट. टायरोसिनेज या तांबेयुक्त एन्झाइमच्या मदतीने रंगपेशी मेलॅनिन बनवतात आणि त्याचे सूक्ष्म कण शेजारच्या पेशींच्या हवाली करतात. त्या पेशी कडक होऊन वर ढकलल्या जातात, आणि तोच आपला केस. मेलॅनिन मिळाले नाही तरी केस वाढतच राहतो. नुसते केराटिन जवळजवळ रंगहीन असते, त्यावरून प्रकाश विखुरतो आणि केस पांढरा दिसतो. करडे डोके म्हणजे बहुतांशी काळ्या आणि पांढऱ्या केसांची सरमिसळ.

डोक्यावरचा केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आक्रसते, सुमारे तीन महिने तो विश्रांती घेतो आणि गळतो. मूळ आक्रसताना कंदातल्या रंगपेशीही मरतात. पुढच्या फेरीला नव्या रंगपेशी लागतात आणि त्या येतात मुळाच्या वरच्या अंगाला असलेल्या मूलपेशींच्या साठ्यातून. हा साठा आयुष्यभर पुरवायचा असतो. वय वाढते तसा तो संपत जातो, काही मूलपेशी तर भलत्याच जागी, वेळेआधी रंगपेशी बनून वाया जातात, हे एमी निशिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले.

इथेच तो भेद आहे. एखाद्या मुळातला मूलपेशींचा साठाच संपला, तर तिथून येणारा प्रत्येक केस पांढराच असणार. बियाणेच उरले नसेल तर खतपाणी कितीही घातले तरी शेत उगवत नाही. पण साठा शाबूत आहे आणि रंग बनवण्याचे काम मात्र काही कारणाने अडले आहे, अशीही स्थिती असते. ब्रॅडफर्ड आणि माइन्झ विद्यापीठांतल्या संशोधकांना २००९ मध्ये पिकलेल्या केसांच्या मुळांत हायड्रोजन पेरॉक्साइड साचलेले आढळले. शरीरात ते थोडे-थोडे तयार होतच असते आणि कॅटलेज हे एन्झाइम त्याची विल्हेवाट लावते. कॅटलेज कमी पडले की पेरॉक्साइड टायरोसिनेजलाच निकामी करते. न्यूयॉर्कच्या मायुमी इतो यांच्या गटाने २०२३ मध्ये उंदरांत तिसरीच गोष्ट दाखवली. काही मूलपेशी जिवंत असतात, पण आपल्या जागी अडकून बसतात आणि रंगपेशी होण्याचा संदेश जिथे मिळतो तिथवर उतरतच नाहीत. उंदरांचे केस पुन्हा पुन्हा उपटून मुळांना जबरदस्तीने नव्या फेऱ्या करायला लावल्या, तेव्हा अशा अडकलेल्या पेशी असलेल्या मुळांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून जवळजवळ निम्म्यापर्यंत गेले. एक पांढरा उपटला की चार येतात, ही समजूत खोटीच, कारण एका मुळाचा शेजारच्या मुळांशी असा काही संबंध नसतो. पण उपटल्याने त्या जागी काळा केस येईल ही आशाही तितकीच फोल आहे.

मग विशीतच हे का घडावे? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर घरातच असते. आई किंवा वडील, आजी किंवा मामा, कुणाचे तरी केस लवकर पिकलेले असतात. लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या जनुकीय अभ्यासातून २०१६ मध्ये आयआरएफ-४ या जनुकाचा केस पिकण्याशी संबंध पुढे आला. मेलॅनिनच्या निर्मितीवर आणि साठवणीवर या जनुकाचे नियंत्रण असते. अर्थात एका जनुकाने सगळे ठरत नाही. आनुवंशिकता फार तर उंबरठा किती जवळ आहे ते ठरवते. तो कधी ओलांडला जाईल यात इतर गोष्टींचा हात असतो, आणि त्यांतली सर्वांत वादग्रस्त गोष्ट म्हणजे मानसिक ताण.

क्रोध, शोक आणि श्रम यांमुळे शरीरातली उष्णता आणि पित्त डोक्यात चढून केस पिकतात, असे सुश्रुतसंहितेने फार पूर्वी सांगितले. आधुनिक वैद्यकाला हे बराच काळ नुसते लोकमत वाटत होते. जानेवारी २०२० मध्ये हार्वर्डच्या या-चिए शू यांच्या प्रयोगशाळेने जे दाखवले ते त्यातल्या युक्तिवादासाठीही वाचण्यासारखे आहे. ताणाखाली ठेवलेल्या काळ्या उंदरांचे केस पांढरे झाले. पहिला संशय रोगप्रतिकारक पेशींवर होता. त्या पेशी नसलेले उंदीर घेतले तरी केस पांढरेच झाले. दुसरा संशय ताणाच्या संप्रेरकावर, कॉर्टिसोलसारख्या द्रव्यावर होता. ते जिथे तयार होते त्या अधिवृक्क ग्रंथी काढल्या तरी फरक पडला नाही. उरले ते सहानुकंपी चेतातंतू, म्हणजे संकटात छाती धडधडवणाऱ्या नसा. त्यांची टोके प्रत्येक केसमुळापर्यंत गेलेली असतात. ताणात ती टोके नॉरॲड्रेनॅलिन सोडतात आणि मूलपेशी एकदम भराभर विभागून रंगपेशी बनतात, जागा सोडून निघून जातात. काही दिवसांत साठा रिकामा, आणि तो परत भरत नाही.

एवढ्यावर थांबलो तर ताणाने गेलेला रंग कायमचा गेला असे म्हणावे लागेल. पण पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातल्या मार्टिन पिकार्ड यांच्या गटाने माणसांत उलट गोष्ट दाखवली. त्यांनी १४ जणांचे केस घेतले आणि एकेका केसाचा रंग लांबीभर, मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या बारकाईने मोजला. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे असा प्रत्येक तुकडा म्हणजे साधारण तीन-चार तासांची नोंद. मग त्या लोकांनी गेल्या वर्षातल्या ताणाचा आठवड्यांनिशी जो आलेख काढून दिला होता, तो या नोंदींशेजारी ठेवला. एकाचे पाच केस सुट्टीच्या काळात एकदमच पांढऱ्याचे पुन्हा काळे झालेले निघाले.

मला हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटत नाहीत. उंदरांतला ताण तीव्र वेदनेचा होता आणि त्याने साठाच रिता केला. माणसांत जे केस परत काळे झाले त्यांच्या मुळांत साठा होता, काम तेवढे थांबले होते. कोलंबियाच्या संशोधकांचे गणिती प्रारूपही हेच सांगते. उंबरठ्याच्या अगदी जवळ असलेला केस ताणाने पलीकडे जाऊ शकतो आणि ताण सरल्यावर क्वचित अलीकडेही येऊ शकतो. वर्षानुवर्षे पांढरा असलेला केस सुट्टीने काळा होणार नाही, आणि उंबरठ्यापासून दूर असलेल्या दहा वर्षांच्या मुलाचे केस परीक्षेच्या धास्तीने पिकणार नाहीत. ‘अभ्यासाच्या टेन्शनने पिकले’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी घराण्याकडे आधी पाहावे.

काम अडवणाऱ्या कारणांत आपल्याकडे सर्वांत आधी तपासावे ते जीवनसत्त्व बी-१२. ते वनस्पतीजन्य अन्नात जवळजवळ नसते. दूध-दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. घरात शाकाहार आणि दूधही बेताचे, अशा मुलामुलींत कमतरता सहज होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी पँटोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ती दिसते. वारंवार तोंड येणे, जीभ गुळगुळीत होऊन चुरचुरणे, पायांना मुंग्या, न जाणारा थकवा ही सोबतची लक्षणे. इथे पांढरा केस हा गौण मुद्दा आहे. बी-१२ची कमतरता चेतातंतूंना इजा करते आणि फार उशीर झाला तर ती भरून येत नाही. म्हणून केसासाठी का होईना, रक्त तपासले गेले तर बरेच झाले. दुसरी तपासणी थायरॉइडची. प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेल्या मानवी केसमुळांना थायरॉइडची संप्रेरके दिली की मेलॅनिन वाढते, हे २००८ मध्ये दिसून आले आहे. भारतातल्या काही अभ्यासांत अकाली केस पिकलेल्या तरुणांत फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, आणि डी जीवनसत्त्वही कमी आढळले. मात्र ही द्रव्ये आपल्याकडे इतक्या जणांत कमी असतात की त्यांनाच कारण ठरवताना मी सावध राहीन. कमतरता भरून काढावी ती तब्येतीसाठी. रंग परतलाच तर तो काहींचाच आणि काही केसांचाच परततो.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. मोठ्या मात्रेतले बायोटिन थायरॉइडच्या अनेक तपासण्यांचा निकाल चुकवते. रक्त देण्याआधी या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगून त्या काही दिवस थांबवल्या नाहीत, तर निरोगी माणूस रोगी ठरू शकतो.

सिगारेट-बिडीचा संबंध बराच स्पष्ट आहे. जॉर्डनमधल्या २०१३च्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत केस अकाली पिकण्याची शक्यता अडीच पट निघाली. गुजरातमधल्या एका अभ्यासात चाळिशीच्या आतल्या हृदयविकाराच्या पुरुष रुग्णांपैकी निम्म्यांचे केस अकाली पिकलेले होते, तर त्याच वयाच्या निरोगी पुरुषांत हे प्रमाण ३० टक्के होते. ही बातमी वाचून अनेक तरुण घाबरले. केस पिकल्याने हृदय बिघडत नाही, आणि निरोगी लोकांतही दहांत तिघांचे केस पिकलेले होतेच. घरात हृदयविकार असेल आणि सिगारेटही चालू असेल, तर कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब पाहून घ्यायला हे निमित्त पुरेसे आहे.

काही पांढरे केस मात्र या साऱ्याहून वेगळे असतात. जन्मापासून कपाळावर एकच पांढरी बट असणे हा रंगपेशींच्या वाटचालीतला जन्मजात दोष असतो आणि त्यासोबत बहिरेपण असू शकते, म्हणून मुलाचे कान तपासावे लागतात. एकाच चकत्यातले केस आणि खालची त्वचाही पांढरी असेल तर ते कोड. चाई पडून गेलेल्या जागी सुरुवातीला पांढरे केस येतात, बहुधा ते पुढे काळे होतात. एका रात्रीत केस पिकल्याच्या कथांमागेही बऱ्याचदा चाईच असते. रोग काळ्या केसांवर आधी घाला घालतो, ते झपाट्याने गळतात आणि आधीपासून असलेले पांढरे केस तेवढे उरतात.

आता तेलांकडे. माका, आवळा, जास्वंद, कडीपत्ता घालून तेल उकळण्याची रीत जुनी आहे आणि टाळूच्या कोरडेपणाला तेल चांगलेच. पण त्याने मुळातला रंग परतल्याचा भक्कम पुरावा नाही. तरीही ‘मला गुण आला’ म्हणणारे खोटे बोलत नसतात. लोखंडी कढईत आवळा शिजवला की त्यातले टॅनिन आणि लोह मिळून काळपट द्रव्य होते, त्याचा पातळ थर केसावर बसतो. तेलाने चिकटलेला केस एरवीपेक्षा गडद दिसतो. शिवाय काही केस आपोआपच पुन्हा काळे होतात आणि श्रेय त्या महिन्यातल्या बाटलीला जाते. गोळ्यांची कथा थोडी वेगळी आहे. पँटोथेनिक आम्लाविना वाढवलेल्या काळ्या उंदरांचे केस करडे झाले, या जुन्या प्रयोगांवरून कॅल्शियम पँटोथेनेट माणसांना देणे सुरू झाले. पण हे जीवनसत्त्व जवळजवळ सगळ्या अन्नात असते आणि माणसात त्याची कमतरता क्वचितच होते. जे कमी नाही ते भरून काय मिळणार?

राहिला रंग लावण्याचा प्रश्न. तो पूर्णपणे ज्याच्या-त्याच्या मर्जीचा आहे. लग्नाच्या वयात चार पांढऱ्या केसांवरून स्थळ नाकारले जात असेल, तर रंग लावणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. शुद्ध मेंदी केसाला तांबूसच करते. तिच्यावर नीळ लावली तर काळसर रंग येतो. तासाभरात केस काळेभोर करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त सहसा पीपीडी हे रसायन असते. त्याची ॲलर्जी असलेल्यांना टाळूला पुरळ येते, पाणी सुटते, डोळे सुजून मिटतात, क्वचित श्वासही अडतो. वेष्टनावर ‘अमोनियारहित’ लिहिले म्हणजे पीपीडी नाही असे होत नाही. घटकांची यादीच वाचावी लागते. नवा रंग आणला की कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास वाट पाहावी, आणि आधी कधी त्रास झाला नव्हता म्हणून ही चाचणी टाळू नये, कारण ही ॲलर्जी अनेक वर्षांच्या वापरानंतरही उद्भवते. महिन्याभरात मुळाशी पांढरी रेघ पुन्हा दिसू लागेल. तेव्हा रंग तेवढ्याच भागाला लावावा, म्हणजे खालच्या केसांना दर महिन्याला तेच रसायन सोसावे लागत नाही.