मांडव कोणाचा, जबाबदारी कोणाची?



कामगारांच्या इतिहासावर बोला, असे चालकांनी मला सांगितले तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल की आज गिरण्यांची आणि संपांची कहाणी ऐकायला मिळणार. ती कहाणी मोठी आहे आणि ती सांगणारेही पुष्कळ आहेत. मी आज ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, अशा एका माणसाविषयी बोलणार आहे. चैत्री पौर्णिमेला आपल्या येडेश्वरीच्या यात्रेत पाले उभी करणारा, लग्नसराईत मांडव घालणारा आणि हिवाळ्यात महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांचे व विद्यापीठाच्या महोत्सवांचे व्यासपीठ उभारणारा हा माणूस आहे. पाहुणे येण्यापूर्वी त्याचे काम संपलेले असते आणि पाहुणे गेल्यावर ते पुन्हा सुरू होते. म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

प्रश्न साधा आहे. विद्यापीठाच्या आवारात एखादा समारंभ होतो. विद्यापीठ ते काम कंत्राटदाराला देते, कंत्राटदार विजेचे काम दुसऱ्याला देतो, मांडवाचे तिसऱ्याला, आणि तो तिसरा नाक्यावरून चार पोरे उचलून आणतो. त्यांतले एखादे पोर खांबावरून पडले, किंवा तोच मांडव पाहुण्यांच्या अंगावर आला, तर जबाब कोणी द्यायचा? आपल्या जिल्ह्याला ही साखळी नवी नाही. कारखाना, मुकादम आणि ऊसतोड मजूर ही तिन्ही नाती आपण लहानपणापासून पाहत आलो. उचल कोण देतो हे सर्वांना ठाऊक असते. मोळीखाली पाय सापडला की तो माणूस कोणाचा, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

ह्या प्रश्नाचा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ सालचा. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे, सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावू नये, अशी त्याची कलमे होती. पण तो लागू कोणाला? जेथे शंभर किंवा अधिक माणसे काम करतात आणि जे वर्षातून निदान चार महिने चालतात, त्याच कारखान्यांना. हंगामापुरत्या धडधडणाऱ्या सरकी काढण्याच्या आणि गाठी बांधण्याच्या कारखान्यांपैकी पुष्कळ अशा रीतीने सुटले. हात तेथेही तुटत होते. पण कायद्याने हात मोजले नाहीत, डोकी आणि दिवस मोजले. ही मोजणीची खोड तेव्हा लागली ती अजून सुटलेली नाही, आणि आजच्या माझ्या सांगण्याचे सार तेच आहे.

ह्याला पहिले उत्तर मराठी माणसाने दिले. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर केला. आठवड्याची सुट्टी हे त्या अर्जातले कलम सर्वांना आठवते. दुसरे एक कलम आपण विसरलो. कामावर जखमी झालेल्या मजुराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा जायबंदी होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. आठवड्याच्या सुट्टीला गिरणीमालकांनी १८९० साली मान्यता दिली. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला मात्र १९२३ साल उजाडले, म्हणजे लोखंड्यांच्या अर्जानंतर एकोणचाळीस वर्षे लागली. लोखंडे १८९७ सालीच वारले होते. आपला मराठवाडा तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात; ब्रिटिश हद्दीतले कायदे येथे आपोआप लागू नव्हते.

ह्या १९२३ च्या कायद्यात बारावे कलम होते. मला ते सबंध कायद्याचे हृदय वाटते. मूळ मालकाने आपल्या धंद्याचे काम कंत्राटदाराकडून करवून घेतले, तरी कंत्राटदाराच्या मजुराला अपघात झाल्यास भरपाई मूळ मालकाने द्यावी, आणि मग ती रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करावी, असा त्याचा आशय. मजुराने कंत्राटदाराच्या मागे गावोगाव हिंडू नये, हा त्यातला शहाणपणा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच कायद्याने सांगून ठेवले होते की कंत्राट कामाचे असते, जबाबदारीचे नव्हे.

परंतु ह्या कलमाला एक अट होती. ते काम मालकाच्या व्यापाराचे किंवा धंद्याचे असले पाहिजे आणि त्या धंद्यात एरवीही होणारे असले पाहिजे. आता विद्यापीठाचा धंदा कोणता? ज्ञानदान! मग मांडव घालणे हे ज्ञानदानाचा भाग कसे ठरावे? शिवाय नैमित्तिक कामावरचा माणूस मालकाच्या धंद्याच्या कामावर नसेल, तर तो ह्या कायद्याने 'कामगार'च नव्हे, असेही व्याख्येत लिहिलेले होते. ते शब्द काढून टाकायला २००० साल यावे लागले. सत्त्याहत्तर वर्षे दोन दिवसांचा मजूर ह्या चार शब्दांनी दाराबाहेर उभा केला होता.

विद्यापीठ म्हणजे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. दिल्ली विद्यापीठाने विद्यार्थिनींना नेण्या-आणण्यासाठी बसगाड्या ठेवल्या होत्या. तोटा होऊ लागला म्हणून चालकांना कमी केले. १९६३ साली न्यायालयाने ठरविले की विद्यापीठ हा 'उद्योग' नाही, सबब त्या चालकांना औद्योगिक कायद्याखाली दाद नाही. पुढे १९७८ साली बंगलोरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय फिरविला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या त्या निकालपत्राने विद्यापीठालाही उद्योगाच्या व्याख्येत आणले. विद्येचे मंदिर असले तरी मंदिरात झाडू मारणाऱ्याला पोट असते, एवढीच गोष्ट समजायला पंधरा वर्षे लागली.

दरम्यान १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला. मजुरी कंत्राटदाराने बुडविली तर ती मूळ मालकाने द्यावी, पाण्याची आणि प्रथमोपचाराची सोय कंत्राटदाराने केली नाही तर मूळ मालकाने करावी, ही त्यातली चांगली कलमे. पण पुन्हा तीच मोजणी! वीस माणसे असली पाहिजेत. आणि तुरळक, नैमित्तिक काम असेल तर कायदा लागू नाही. वर्षात एकशेवीस दिवसांहून अधिक चालणारे काम तुरळक नव्हे. हंगामी कामाला साठ दिवसांची मर्यादा. युवक महोत्सव चार दिवस चालतो आणि पदवीदान समारंभ एका दिवसात आटोपतो. म्हणजे वर्षातून दोनशे दिवस मांडव घालणारा मजूर दरवेळी नव्या आवारात जातो, आणि दरवेळी त्याचे काम 'तुरळक' ठरते. २०२० ची नवी कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने वीसाची संख्या पन्नासावर नेली आणि तुरळक कामाचा अपवाद तसाच ठेवला.

कोणी म्हणेल, एवढ्याशा मांडवाला एवढे कायदे कशाला? त्यांना मी तीन दिवसांची आठवण देतो. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवाली गावी एका शाळेचा बक्षीस समारंभ कनातींच्या मांडवात चालू होता. आग लागली, कृत्रिम धाग्याचे कापड वितळून अंगावर पडू लागले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मुलेच फार. १० एप्रिल २००६ रोजी मीरतच्या व्हिक्टोरिया पार्कात प्रदर्शनाच्या मांडवांना आग लागली आणि पासष्ट माणसे दगावली. आणि २५ नोव्हेंबर २०२३ रोजी, थेट विद्यापीठाच्या आवारात, केरळात कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या महोत्सवात, गाण्याच्या कार्यक्रमाला पाऊस आला, लोक आडोशासाठी खुल्या सभागृहाच्या पायऱ्यांवरून लोटले आणि चारजण चेंगरून मेले. त्यांपैकी तिघे विद्यार्थी होते. श्रीमंत देशांतही हे घडते. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात विद्यार्थी परंपरेने ओंडक्यांची प्रचंड होळी रचीत. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे ती कोसळली आणि बाराजण ठार झाले. जो मांडव मजुराला धोक्याचा, तो पाहुण्यालाही धोक्याचा असतो. ज्या घाईने वायर उघडी राहते, ती घाई कोणाचे कार्ड पाहून चटका देत नाही.

मीरतच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२२ रोजी दिला, म्हणजे सोळा वर्षांनी. आयोजकांचे म्हणणे होते की मांडव आणि वीज हे सारे स्वतंत्र कंत्राटदाराचे काम, आमचा दोष नाही. न्यायालयाने ते मानले नाही. लोक आले ते आयोजकांच्या बोलावण्यावरून, कंत्राटदाराच्या नव्हे, असा त्याचा विचार होता. भरपाईचा साठ टक्के भार आयोजकांवर आणि चाळीस टक्के सरकारवर टाकला गेला. हा निकाल मी महत्त्वाचा मानतो. पाहुण्यांच्या बाबतीत तरी 'कंत्राटदाराला विचारा' हे उत्तर आता चालत नाही. मग मजुराच्या बाबतीत ते का चालावे? तोही बोलावण्यावरूनच आलेला असतो.

एक गोष्ट मी स्वतः पाहिलेली सांगतो. संस्थेचे नाव घेत नाही, कारण दोष एका संस्थेचा नव्हता. एका महाविद्यालयाच्या संमेलनासाठी मांडव उभा राहत होता. विशीतला एक पोरगा लोखंडी पाइप उभा धरून चालला होता आणि वरून विजेची तार गेली होती. त्याला उतरवून घेतले तेव्हा काही उरले नव्हते. आम्ही संस्थेकडे गेलो. त्यांनी कंत्राटदाराचा करार पुढे केला. कंत्राटदाराकडे गेलो, तो म्हणाला, हा माझ्या हजेरीवर नाही. ज्याने त्याला नाक्यावरून आणले तो गाव सोडून गेला होता. संमेलन एक दिवस पुढे ढकलले गेले आणि मग झाले. त्याची आई आमच्या कचेरीत येऊन एवढेच विचारीत असे, 'भाऊ, तो कामावर होता हे तरी कोणी लिहून देईल का?' शेवटी तडजोडीचे काही पैसे मिळाले, पण तो कागद मिळाला नाही. मी कायद्याची पुस्तके वाचायला लागलो ती त्या बाईच्या प्रश्नामुळे. शाळा मला फार लाभली नव्हती.

तेव्हा करायचे काय? नियम नाहीत असे नाही. मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक आहे, आय. एस. ८७५८. छत तीन मीटरांहून खाली नसावे, कृत्रिम धाग्याचे कापड व दोर वापरू नयेत, चालू विजेच्या तारांखाली मांडव घालू नये, असे त्यात स्पष्ट आहे. विजेची जोडणी परवानाधारकाकडूनच व्हावी हा नियमही जुनाच. हे सारे कंत्राटाच्या कागदावर येत नाही, एवढेच वैगुण्य. कागदावर दर येतो, खुर्च्यांची संख्या येते, गालिच्याचा रंग येतो. त्याच कागदावर आणखी चार ओळी याव्यात. कामावर येणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव आदल्या दिवशी संस्थेकडे लिहून द्यावे. त्या नावांचा विमा असावा. उंचीवर चढणाऱ्याला पट्टा आणि वायरमनला हातमोजे असावेत. आणि समारंभाआधी जाणत्या माणसाने मांडव फिरून पाहावा व सही करावी. त्या सहीवाचून दिवा लागू नये. ह्याला नवा कायदा लागत नाही, कुलसचिवांची किंवा प्राचार्यांची इच्छा लागते. पोटकंत्राट झाले तरी ह्या ओळी खालपर्यंत बांधील राहतील, असेही त्यात लिहावे.

ह्याहून दूरचा मार्गही महाराष्ट्राने एकदा दाखविला आहे. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडीला रोज नवा धनी. मग त्याचा मालक कोण? १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर दिले की मजुराची नोंद मंडळाकडे राहील आणि जो जो धनी काम घेईल तो मजुरीबरोबर लेव्ही भरील. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांची खटपट होती. धनी अनेक असले तरी मजूर बेवारशी नसतो, हे त्यातले तत्त्व. मांडववाल्या मजुराला हेच तत्त्व लागू करता येईल.

आपल्या विद्यापीठाची स्थापना १९५८ साली झाली आणि १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, हे आपण जाणता. ज्या विद्यापीठावर मजूरमंत्र्याचे नाव आहे, त्याने आणि त्याच्या छत्राखालील महाविद्यालयांनी ह्या चार ओळींचा आरंभ करावा, ही माझी विनंती आहे. आरंभ करायला दूर जाण्याचेही कारण नाही. आज ज्या मांडवात आपण बसलो आहोत तो घालणाऱ्यांची नावे व्याख्यानमालेच्या वहीत आहेत का, असे मी काल चालकांना विचारले. नव्हती. त्यांनी रात्रीच ती लिहून घेतली. सहाजण आहेत. त्यांतले दोघे त्या कडेच्या खांबापाशी उभे राहून हे व्याख्यान ऐकत आहेत.