सेल वेगळे घ्यावे लागतील

माझ्या लहानपणी खेळण्याच्या खोक्यावर तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य असे: 'सेल वेगळे घ्यावे लागतील.' आमचे अण्णा नारपोलीत यंत्रमागावर जॉबर. त्यांचा पगार होईपर्यंत वाढदिवसाची आगगाडी मी हातानेच ढकलीत असे, आणि शिटीही तोंडानेच वाजवीत असे.

म्हणून चिरंजीवांनी पायथन या संगणकभाषेचे ब्रीदवाक्य सांगितले तेव्हा मी हरखलोच. 'सेल आतच घातले आहेत!' म्हणजे तारखा, हिशेब, फायली, टपाल असल्या नित्याच्या कामांची तयार अवजारे भाषेबरोबरच मिळतात. त्यांना स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. लायब्ररी म्हटले की मला थकलेली वर्गणी आठवते; पण इथे वर्गणीही नाही.

कल्पना तशी जुनी. १९४९ साली केंब्रिजला एडसॅक नावाचा संगणक सुरू झाला. मॉरिस विल्क्स आणि मंडळींनी ताडले, की जो तो तेच गणित नव्याने लिहिणार आणि नव्याने चुकणार. मग एकदा तपासलेले तुकडे भोके पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर घेऊन त्यांनी कपाटात ठेवले. हवा तो काढा, आपल्या पट्टीत उतरवून घ्या! १९५१ पर्यंत असे ८७ तुकडे जमले. आमच्या शाखेतही छापील फॉर्मांचे कपाट आहे. गिऱ्हाइके आपापल्या मनाने अर्ज लिहू लागली, तर आम्ही दुपारचा चहा कधी प्यायचा?

कपाट नसले की काय होते ते २०१६ च्या मार्चमध्ये दिसले. जावास्क्रिप्ट या भाषेच्या घरात मजकुराच्या डावीकडे शून्ये भरायचे साधन नव्हते. खाते क्रमांकापुढे शून्ये मांडण्यात माझे अर्धे आयुष्य गेले, पण त्या मंडळींना ते शेजारून आणावे लागे. एका गृहस्थाने रागावून आपल्या ११ ओळी परत घेतल्या आणि जगभरच्या बड्या बड्या कंपन्यांची कामे काही तास अडली. पुढे २०१७ मध्ये ती सोय भाषेतच आली.

मग सगळेच घरात ठेवावे काय? तिथेच माळ्याचा प्रश्न येतो. १९९१ साली गिडो व्हॅन रॉसम यांनी पायथन लोकांपुढे ठेवली, तेव्हापासून तिच्या माळ्यावर सामान चढतच होते. चढवलेली वस्तू बदलता येत नाही. बदलली तर कुणाचा तरी चालता कारभार मोडतो. बाहेरचा माणूस मात्र नवे, सुटसुटीत अवजार झटपट करतो. इंटरनेटवरून माहिती आणण्याचे पायथनचे स्वतःचे साधन आहे. पण सोपे हवे असेल तर बाहेरचे 'रिक्वेस्ट्स' वापरा, असे तिची अधिकृत माहितीपुस्तिकाच सांगते. आमच्या काउंटरवर कुणी गिऱ्हाइकाला 'शेजारच्या बँकेत जा' म्हणाले, तर संध्याकाळच्या आत मेमो येईल.

अखेर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये माळा आवरला. १९ जुनी अवजारे काढली. त्यांतले 'सीजीआय' हे चिरंजीवांच्या कॉलेजच्या प्रकल्पात निघाले, कारण मी त्याला पुस्तक रद्दीतून आणून दिले होते. प्रकल्प ठप्प! मी घाबरलो. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, ते बाहेर मिळतं अजून. वेगळं घ्यावं लागेल."

चाळीस वर्षांनी ते वाक्य पुन्हा घरात आले.

त्याच रविवारी सौ.ने आमचा माळा काढला. वर अण्णांची जॉबरची पिशवी होती: पाने, कातर, एक झिजलेला धोटा. कुठलाही माग बंद पडो, त्या पिशवीबाहेरचे काही आणावे लागत नसे. आता अण्णा नाहीत; ते माग तर त्यांच्याआधीच भंगारात गेले. "हे काढायचं ना?" सौ.ने विचारले.

मी म्हटले, "पायथनवाल्यांनी २०२२ मध्ये नोटीस दिली आणि २०२४ मध्ये सामान काढलं. आपणही नोटीस देऊ."

पिशवी वर गेली. दोन वर्षे झाली की मुदतवाढ द्यायची, हे मी बँकेत शिकलो आहे.