गिरणगावातील स्त्री आणि कामाचे अंतर

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास भांडवल, यंत्रे आणि संप यांच्या अनुषंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. घरापासून गिरणीच्या दरवाजापर्यंतच्या अंतराचा विचार त्यात क्वचितच आढळतो. स्त्री-कामगारांच्या संदर्भात मात्र हे अंतर गौण मानता येत नाही.

कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेव येथील गिरणीत १८५६ मध्ये काम सुरू झाले. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, चिंचपोकळी या परिसरात गिरण्या आणि चाळी एकमेकींना लागून उभ्या राहिल्या. १८९६ च्या प्लेगने या दाटीचे भीषण रूप उघड केले. परंतु आरोग्याला घातक ठरलेली हीच जवळीक स्त्रीच्या नोकरीची पूर्वअट होती. पाणी भरून, भाकऱ्या थापून, भोंग्याच्या वेळेला पायी निघालेली बाई खात्यात वेळेवर पोहोचू शके. रिळिंग आणि वाइंडिंग ही खाती प्रामुख्याने स्त्रियांची होती. १९२० च्या दशकात एकूण गिरणी कामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश होते.

हे प्रमाण पुढे घटत गेले. त्यामागे नवी यंत्रे होती, पाळ्यांची वाढ होती. स्त्रियांना रात्रपाळीची बंदी १८९१ च्या कायद्यापासूनच होती. त्यामुळे अनेक पाळ्यांत चालणाऱ्या गिरणीला पुरुष कामगार सोयीचा वाटू लागला. अंतरामुळे ही नोकरी गेली असे म्हणणे अतिशयोक्त होईल. पण गेलेल्या नोकरीच्या जागी दुसरी का मिळाली नाही, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी अंतरात सापडते. पुरुष कामाच्या मागे दूर जाऊ शकत होता. स्त्रीला चूल आणि पाळणा यांच्या आवाक्यातलेच काम शोधावे लागे. खानावळ चालविणे हे असे एक काम. गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या या स्त्रियांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या ओस पडू लागल्या, तेव्हा या खानावळींचे गिऱ्हाईकही ओसरले.

त्याच शहरात दुसऱ्या एका स्त्रीवर्गाने अंतर ओलांडले. १९२५ मध्ये मुंबईत विजेची लोकल धावू लागली, उपनगरे विस्तारली, आणि स्वातंत्र्योत्तर काळात शिकलेली स्त्री बँकेत, सरकारी कचेरीत, शाळेत रुजू झाली. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठी लोकल सुरू झाली, ती या वर्गाच्या वाढत्या संख्येची पावतीच होती. डब्यात भाजी निवडणारी स्त्री हे या प्रवासाचे परिचित चित्र. त्याचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु घरकामाचा भार प्रवासातही तिच्या मांडीवरून उतरला नव्हता, हेच ते चित्र सांगते. शिवाय मासिक पास परवडतो तो नियमित पगार असणाऱ्या स्त्रीला. रोजंदारीवरच्या बाईला आज काम मिळेल की नाही हे ठाऊक नसताना भाडे मात्र आधी मोजावे लागते.

स्त्रीच्या बाबतीत अंतर मैलांत मोजून भागत नाही. घरातून वजा होणारे तास, हातातून जाणारे भाडे आणि परतीच्या वाटेवरचा अंधार या तिन्हींची त्यात बेरीज असते. दिल्लीने २०१९ मध्ये, तामिळनाडूने २०२१ मध्ये आणि कर्नाटकाने २०२३ मध्ये स्त्रियांना सरकारी बसप्रवास विनामूल्य केला. महाराष्ट्रात २०२३ मध्ये एस. टी.चे भाडे त्यांच्यासाठी निम्मे झाले. या निर्णयांकडे केवळ सवलत म्हणून पाहणे अपुरे ठरेल. प्रवासखर्च हा स्त्रीच्या मजुरीतून होणारा वजावटीचा भाग आहे, याची ती उशिरा मिळालेली कबुली आहे. उरलेली दोन पदे, म्हणजे तास आणि अंधार, अद्याप बेरजेत तशीच आहेत. गिरणगावात ती दोन्ही आटोक्यात होती, कारण गिरणीचा दरवाजा चाळीच्या जिन्यापासून पायी गाठता येत होता.