वाटेवरचा सोबती

मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर कसा पोहोचला हे सांगताना आपण घोड्यांच्या टापा आठवतो. त्याहून जुनी अशी एक संथ चाल मात्र विस्मरणात गेली आहे. ती चाल धनगरांची. पावसाळा सरला की फलटणकडील मेंढपाळांचे वाडे घाट उतरून कोकणात जात आणि मृगाच्या आधी परत फिरत. उघड्या माळावरील त्या लांबच्या वाटेवर कुत्रा सोबत असे. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग निववतो. म्हणून पहाटे मजल मारावी, दुपारी बाभळीखाली विसावावे, हे त्याच्याही हिताचे. रात्री तोच लांडग्यांपासून कळप राखी.

याच समाजातून मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) पुढे आले आणि माळव्यात मराठी दौलत उभी राहिली. बखरींनी त्यांच्या घोडदळाची नोंद ठेवली, कुत्र्याची नाही. ती ठेवली त्यांच्या कुलदैवताने. खंडोबाच्या अनेक टाकांवर घोड्याच्या पायांशी कुत्रा दिसतो. गाव सोडताना ज्यांनी देव्हाऱ्यातील टाक बरोबर आणला, त्यांनी नकळत वाटेवरचा हा सोबतीही आणला आहे. पूजेच्या वेळी त्याच्याकडेही पाहावे.