विंडोज अपडेटनंतर टॅली चालेना? क्रमाने काय पाहावे



आपल्यापैकी बऱ्याच जणांची दुकाने, एजन्स्या किंवा लहान कारखाने आहेत. काही घरांत इतरांचे हिशेब लिहून देण्याचे काम चालते. ‘रात्री विंडोजचे अपडेट झाले आणि सकाळपासून टॅली उघडत नाही’ ही तक्रार अशा घरांना नवी नाही. मग घाईघाईने कॉम्प्युटर फॉरमॅटला दिला जातो आणि जे नुकसान अपडेटने केलेले नसते, ते फॉरमॅटने होते. हा लेख कापून किंवा छापून हिशेबाच्या टेबलाजवळ ठेवावा, या हेतूने लिहिला आहे.

१. आधी डेटा, मग दुरुस्ती

प्रोग्राम वेगळा आणि डेटा वेगळा. कपाटाचे कुलूप अडले म्हणून आतली खतावणी नाहीशी होत नाही. टॅलीप्राइमचा डेटा सहसा सी ड्राइव्हवर ‘यूजर्स’, त्यात ‘पब्लिक’, त्यात ‘टॅलीप्राइम’, त्यात ‘डेटा’ या फोल्डरमध्ये असतो. प्रत्येक कंपनीच्या फोल्डरचे नाव आकड्यांत असते. बसवणाऱ्याने डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवला असेल, तर तो कुठे आहे हे आजच विचारून लिहून ठेवा.

हे पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. तोपर्यंत प्रोग्राम काढून टाकू नका, फॉरमॅट करू नका आणि जुना बॅकअप रिस्टोअरही करू नका. जुना बॅकअप त्याच जागी रिस्टोअर केला, तर त्यानंतरच्या नोंदी पुसल्या जातात.

२. काय बदलले ते पाहा

तेरीज जुळली नाही की आपण शेवटची जुळलेली तारीख शोधतो आणि तिथून पुढे पाहतो. इथेही तेच करावे. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ नावाची नोंद असते. स्टार्टमध्ये हे शब्द टाइप केले की ती उघडते. कोणत्या दिवशी कोणते अपडेट आले आणि कोणता प्रोग्राम बंद पडला, हे तिथे रोजकीर्दीसारखे तारीखवार दिसते.

दोष नेहमी विंडोजचाच असतो असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, आणि आपल्या हैदराबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. त्यामागे विंडोजचे अपडेट नव्हते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरचे सदोष अपडेट होते. म्हणून अँटिव्हायरस त्याच दिवशी बदलला का, तेही तपासा.

३. नेहमीच्या चार तक्रारी

*टॅली ‘एज्युकेशनल मोड’मध्ये उघडते.* या स्थितीत महिन्यातील ठरावीक दोन-तीन तारखांच्याच नोंदी करता येतात. याचा अर्थ टॅलीला लायसन्स सापडले नाही, डेटा गेला असा नव्हे. इंटरनेट सुरू आहे ना ते पाहून लायसन्स रिअ‍ॅक्टिव्हेट करा. त्यासाठी नोंदणीचा ईमेल आणि पासवर्ड लागतो. तो फक्त डीलरकडे असून चालणार नाही, आपल्याकडेही हवा. लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मिळत असेल, तर तिथली ‘टॅली गेटवे सर्व्हर’ ही सेवा सुरू आहे का आणि फायरवॉलने ती अडवली आहे का, हे पाहा.

*मुख्य कॉम्प्युटरवर टॅली चालते, काउंटरवर कंपनी दिसत नाही.* अनेक दुकानांत मुख्य कॉम्प्युटरचे फोल्डर पासवर्डशिवाय शेअर केलेले असते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, प्रो प्रकारात, असा बिनपासवर्डचा प्रवेश मुळातच बंद आहे. सुरक्षा सैल करून तो पुन्हा उघडू नये. मुख्य कॉम्प्युटरवर पासवर्ड असलेले खाते तयार करून काउंटरवरून त्याच खात्याने जोडणी करावी.

*बिल छापले जात नाही.* सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक कार्यालयांत नेटवर्कवरचे प्रिंटर असेच अडले होते. प्रिंटर थेट केबलने जोडून पाहा. तसे छापले गेले, तर अडचण जोडणीची आहे. मग दोन्ही कॉम्प्युटर पूर्ण अपडेट करून प्रिंटर काढा आणि निर्मात्याच्या नव्या ड्रायव्हरसह पुन्हा बसवा.

*डिजिटल सहीचा टोकन ओळखला जात नाही.* टोकनचा ड्रायव्हर नव्याने बसवा आणि जीएसटीसाठी लागणारा एमसाइनर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ पद्धतीने सुरू करा. मुदतीच्या दिवशी तेवढा वेळ नसेल, तर सही टोकनमध्ये असते, कॉम्प्युटरमध्ये नाही, हे लक्षात ठेवा. ज्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर नीट आहे, उदाहरणार्थ आपल्या सीएंच्या कार्यालयात, तिथे तोच टोकन चालेल. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल, तर मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनेही विवरणपत्र भरता येते.

४. अपडेट मागे घ्यायचे असल्यास

मासिक अपडेट ‘विंडोज अपडेट’मधील ‘अपडेट हिस्टरी’तून काढता येते. विंडोजची नवी आवृत्तीच आली असेल, तर ‘रिकव्हरी’मध्ये ‘गो बॅक’ हा पर्याय साधारण १० दिवसच राहतो. हा तात्पुरता उपाय आहे. अपडेट कायमचे बंद ठेवणे म्हणजे गल्ल्याला कुलूप न लावता घरी जाणे. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, याचीही नोंद घ्यावी.

५. जुने डॉसवरचे प्रोग्राम

फॉक्सप्रोमध्ये कोणीतरी लिहून दिलेला बिलिंगचा प्रोग्राम काही दुकानांत अजून आहे. ६४ बिटच्या विंडोजवर असे डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळते. इथे दुरुस्ती शोधत बसू नये. १ एप्रिलला आरंभीच्या शिलका घेऊन नव्या प्रोग्रामवर जावे. जुना कॉम्प्युटर मात्र भंगारात देऊ नका. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. तो इंटरनेटपासून तोडून ठेवा आणि महत्त्वाच्या खतावण्या छापून किंवा पीडीएफ करून घ्या.

६. अपडेट केव्हा घ्यावे

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री, येते. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यानच पडतो. मासिक विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि ३बी ची २०. म्हणजे कामाची धांदल आणि अपडेट दरमहा एकाच वेळी येतात.

यावर सोपा उपाय आहे. ‘पॉज अपडेट्स’ने ७ तारखेला अपडेट थांबवा. २० तारखेचे विवरणपत्र भरले, की टॅलीप्राइममध्ये आल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या, तो बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा आणि मग अपडेट घ्या. ते सकाळी घ्या, म्हणजे अडचण आलीच तर डीलर फोनवर मिळतो. दोन कॉम्प्युटर असतील, तर आधी कमी महत्त्वाच्या कॉम्प्युटरवर घ्या.

७. मदत मागताना

इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘हेल्पलाइन’ला फोन करू नका. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ असे सांगणाऱ्याला कॉम्प्युटरचा ताबा देऊ नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा. कॉम्प्युटर सिकंदराबादला सीटीसीमध्ये दुरुस्तीला नेताना डेटाची प्रत घरी ठेवा. फॉरमॅट अटळ असेल, तर त्याआधी टॅलीचे लायसन्स सरेंडर करा.

शेवटी, एका कागदावर एवढे लिहून ठेवा: टॅलीचा सीरियल नंबर, नोंदणीचा ईमेल, डेटाची जागा, डीलरचा आणि सीएंचा फोन, शेवटच्या बॅकअपची तारीख. पासवर्ड या कागदावर नको. आणि हा कागद कुठे आहे, हे घरातल्या आणखी एका व्यक्तीला माहीत असू द्या. दुकान मुलाकडे किंवा सुनेकडे सोपवून आपण गावी गेलेले असताना २० तारीख येतेच.